‘दुप्पट खर्च’ म्हणजे नक्की कशाच्या दुप्पट?

तुमचा प्रश्न असा की गगनयान, म्हणजे माणसाला अवकाशात पाठवायचा इस्रोचा कार्यक्रम, ९,०२३ कोटींत होणार होतं, २०२४ मध्ये ते २०,१९३ कोटींवर गेलं, तिकडे नासाची जेम्स वेब अवकाश दुर्बीण अर्ध्या अब्ज डॉलरवरून जवळजवळ दहा अब्जांवर गेली, मग सरकारी अवकाश कार्यक्रम म्हणजे पैशाची नासाडी असं सरळ का म्हणू नये, आणि म्हणायचं नसेल तर नीट मोजायचं तरी कसं. मी पंचवीसेक वर्षं कॉस्टिंग आणि प्रोजेक्ट कंट्रोल हेच करतोय, आधी एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये, मग मोठ्या सरकारी कामांच्या एस्टिमेटवर, त्यामुळे उत्तर जरा लांब होईल, पण विषय मनाला लागलेला आहे म्हणून सविस्तरच लिहितो.

मी आधी एकच गोष्ट बघतो. तो पहिला आकडा कोणी दिला, कधी दिला, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात काय होतं. वेबचंच घ्या. अर्धा अब्ज हा आकडा १९९७ च्या सुमाराचा, तेव्हा दुर्बिणीला नाव पण नव्हतं, ‘नेक्स्ट जनरेशन स्पेस टेलिस्कोप’ म्हणायचे, आरसा आठ मीटरचा करू की किती याची चर्चा चाललेली, आणि उड्डाण २००७ ला होईल असा अंदाज. हे एस्टिमेट नाही हो, ही इच्छा आहे. पुढे आरसा साडेसहा मीटरचा ठरला, बेरिलियमचे १८ तुकडे जोडून, त्याखाली टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी सनशील्ड, म्हणजे ऊन अडवायचा पडदा, आणि हे सगळं घडी करून रॉकेटच्या टोपीत बसवायचं. प्रकल्पाला पक्की मंजुरी मिळाली ती २००८-०९ मध्ये आणि तेव्हाचा आकडा होता जवळपास ४.९६ अब्ज, उड्डाण जून २०१४. नासाने स्वतःला बांधून घेतलं ते त्या आकड्याला. शेवटचा हिशेब साधारण ९.७ अब्ज, उड्डाण २५ डिसेंबर २०२१. म्हणजे वीसपट नाही, दुप्पट. आता कोणी म्हणेल दुप्पट काय कमी आहे का, अजिबात नाही, दुप्पट पण वाईटच आहे, पण वीसपट आणि दुप्पट यांचे गुन्हेगार वेगळे असतात. वीसपटीचं उत्तर मागायचं तर ते १९९७ च्या स्वप्नाळू वातावरणाकडे मागावं लागेल, दुप्पटीचं उत्तर ज्यांनी २००८-०९ मध्ये कागदावर सही केली त्यांच्याकडे.

त्या सहीच्या कागदात काय घोळ होता हे लपून राहिलेलं नाही. २०१० मध्ये सिनेटर बार्बरा मिकुल्स्की यांनी मागणी केल्यावर जॉन कसानी यांच्या अध्यक्षतेखाली एक स्वतंत्र समिती बसली. तिचा निष्कर्ष वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या, कारण तांत्रिक काम चांगलं चाललंय, प्रॉब्लेम बजेट आणि व्यवस्थापनाचा आहे असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मंजुरीचं बजेट ताज्या, खालपासून वरपर्यंत केलेल्या एस्टिमेटवर उभंच नव्हतं, जे धोके टीमला आधीच माहीत होते त्यांचे पैसे त्यात धरलेले नव्हते, आणि राखीव रक्कम सुरुवातीच्या वर्षांत, जेव्हा खरी गरज असते तेव्हा, जवळजवळ नव्हती.

हे मला इतकं का लागलं ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका टेस्ट स्टँडच्या कामाचं एस्टिमेट मी आणि दोन ज्युनिअर मुलं मिळून करत होतो, पाइपिंग, व्हॉल्व्ह, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन, एकेक ओळ कोटेशनवरून चढवली आणि बेरीज आली सत्तावन्न कोटी. वरून निरोप आला, पन्नासच्या आत असेल तर फाईल खालच्याच समितीत सुटते, नाहीतर दिल्लीला जाईल आणि वर्ष जाईल, तर आकडा बसवून आणा. ‘आकडा बसवणं’ हा शब्दप्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. मग काय काढतात? पंप काढता येत नाही, काँक्रीट काढता येत नाही. कंटिन्जन्सी, म्हणजे अडीअडचणीसाठीची राखीव रक्कम, निघते, स्पेअर व्हॉल्व्ह निघतात, दुसरी टेस्ट सिरीज निघते. एकोणपन्नास कोटी नव्वद लाखांवर फाईल गेली, सही झाली, पेढे वाटले. काम संपलं तेव्हा चौसष्ट झाले होते, आणि चौकशीत उभं कोण राहिलं तर साइटवरचा प्रोजेक्ट मॅनेजर, जो एस्टिमेट झालं तेव्हा त्या खात्यात पण नव्हता. कागदावर त्याचं ओव्हररन, म्हणजे मंजुरीच्या वरचा खर्च, चौदा कोटींचं. माझ्या हिशेबाने त्यातले सात कोटी आमच्या टेबलावरच जन्माला आले होते, त्याचे खरे सातच. त्या माणसाचं प्रमोशन गेलं. मी तेव्हा गप्प बसलो, ते आजही डाचतं.

उलटं उदाहरण पण आहे आणि योगायोग बघा, ते ज्याच्या नावाने ही दुर्बीण आहे त्या जेम्स वेबचंच, तेव्हाच्या नासाप्रमुखाचंच आहे. १९६१ मध्ये चंद्रावर माणूस पाठवायला किती लागतील असं विचारल्यावर त्याच्या लोकांनी १०-१२ अब्जांच्या घरातला अंदाज दिला होता, याने वर जाताना तो २० अब्जांवर नेला. खालच्यांना वाटलं साहेबाला वेड लागलं. १९७३ मध्ये नासाने अपोलो या चंद्रमोहिमेचा हिशेब अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिला तो २५.४ अब्ज. वीसच्या तुलनेत वाढ पंचवीसेक टक्के, दहा-बाराच्या तुलनेत दुपटीहून जास्त. काम तेच, रॉकेट तेच, खर्च तोच, फक्त पहिल्या दिवशी कोण किती खरं बोललं यावर ‘कंट्रोलमध्ये’ की ‘हाताबाहेर’ हे ठरलं. म्हणून नुसती टक्केवारी दाखवून कोणी निकाल देत असेल तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

आता दुसरी गोष्ट, वेळ. लोकांना वाटतं खर्च वाढतो म्हणजे सामान महागतं. अवकाशाच्या कामात सामान ही लहान बाब आहे, माणसं ही मोठी बाब आहे. शॉपमधली एक रात्र सांगतो. एका मोठ्या रिंगची वेल्ड, जाड पोलादाची, रेडिओग्राफी म्हणजे वेल्डचा एक्स-रे झाला आणि फिल्म व्ह्यूअरवर लावली तर वेल्डच्या कडेला केसाएवढी काळी रेघ, चार मिलिमीटरची असेल. इन्स्पेक्टरने चष्मा काढला, पुसला, परत बघितलं, आणि ग्रीस पेन्सिलने फिल्मवर गोल केला. संपलं. आता तेवढा भाग घासून काढायचा, परत वेल्ड, परत हीट ट्रीटमेंट, परत फिल्म. इलेक्ट्रोड आणि गॅसचा खर्च काही हजार. पण रिंग सात आठवडे उशिरा गेली आणि पुढे असेंब्लीवाले, टेस्टवाले, सेफ्टीवाले, सगळे सात आठवडे पगारावर थांबले, कारण त्या माणसांना घरी पाठवून परत बोलावता येत नाही, तसा वेल्डर आणि तसा टेस्ट इंजिनिअर बाजारात मिळत नाही. मांडव घातलाय, आचारी येऊन बसलेत आणि वऱ्हाडाची गाडी घाटात अडकलीये, तसं. भाडं मांडवाचं चढतं, गाडीचं नाही.

वेबच्या बाबतीत हेच झालं फक्त कित्येक पटीने मोठं. २०१८ मध्ये सनशील्डच्या कव्हरवरचे काही स्क्रू आणि नट ध्वनीच्या टेस्टमध्ये सुटून पडले, त्याआधी प्रोपल्शनचे व्हॉल्व्ह चुकीच्या सॉल्व्हंटने धुतले गेले, एका ठिकाणी सेन्सरना चुकीचं व्होल्टेज दिलं गेलं. टॉम यंग यांच्या स्वतंत्र चौकशी समितीने अशा साध्या मानवी चुकांची किंमत काढली ती दीड वर्ष आणि ६० कोटी डॉलरच्या आसपास. नटांची किंमत किती असेल? आणि काँट्रॅक्ट कॉस्ट-प्लस, म्हणजे कंपनीच्या माणसाच्या हातून चूक झाली तरी दुरुस्तीचं बिल सरकारी तिजोरीवर. माझं स्पष्ट मत आहे की हे पैसे माफ करण्यासारखे नाहीत. ३४४ ठिकाणं अशी होती की त्यातलं एक बिघडलं तरी पूर्ण मिशन जाऊ शकलं असतं, त्या यंत्रावर काम करताना चेकिंगची शिस्त ढिली होती हा दोषच आहे. पण कसानी समितीनंतर २०११ मध्ये झालेली वाढ आणि २०१८ ची वाढ या दोन वेगळ्या वाढी आहेत, पहिली कागदावरची, दुसरी शॉप फ्लोअरवरची, आणि ‘वेब दहा अब्जांवर गेली’ या एका वाक्यात दोन्ही एकाच पोत्यात जातात.

उशीर नेहमी काम करणाऱ्याच्याच गळ्यात मारायचा का, हा पण प्रश्न आहे. क्युरिऑसिटी हा नासाचा मंगळावरचा रोव्हर २००९ ला जायचा होता, मोटर-ॲक्चुएटर वेळेत तयार झाले नाहीत, आणि मंगळाची खिडकी, म्हणजे यान सोडायला सोयीचा काळ, साधारण २६ महिन्यांनी एकदा उघडते, त्यामुळे दोन महिने उशीर असो की दहा, दंड दोन वर्षांचाच, त्यात सुमारे ४० कोटी डॉलर वाढले. ते निसर्गाचं वेळापत्रक आहे, तिथे कोणाशी भांडणार. पण नासाच्या कमर्शिअल क्रू कार्यक्रमात, म्हणजे खासगी कंपन्यांच्या यानांतून अंतराळवीर पाठवायच्या कार्यक्रमात बघा, २०१२ च्या वर्षासाठी ८५ कोटी डॉलर मागितले, काँग्रेसने ४०.६ दिले, पुढच्या वर्षीही कमीच, आणि मग उशीर का झाला म्हणून त्याच सभागृहात प्रश्न. त्या काळात अमेरिकन अंतराळवीर रशियन सोयूझच्या सीटचे पैसे भरून जात होते. पैसे अडवून झालेला उशीर हा पैसे अडवणाऱ्याच्या खात्यात लिहायला हवा. आपल्याकडे पूल, धरणं, सगळीकडे हेच चालतं, हप्ता कमी द्यायचा, काम लांबवायचं, आणि लांबलेल्या कामाची एस्कलेशन, म्हणजे भाववाढ, आली की कोणीतरी पैसे खाल्ले असं म्हणायचं. खाणारे असतातच, नाही असं नाही, पण माझ्या अनुभवात पुढे ढकललेल्या कामाने खाल्लेले पैसे माणसांनी खाल्लेल्यांपेक्षा बरेच जास्त असतात.

तुलना करताना आणखी एक खोड दिसते, आकड्यात काय धरलंय हे न बघता दोन आकडे शेजारी ठेवायचे. चांद्रयान-३ चे ६१५ कोटी सगळ्यांना पाठ आहेत, सिनेमापेक्षा स्वस्त वगैरे. मला त्या यशाचा मनापासून अभिमान आहे, २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आमच्या पूर्ण सोसायटीने एकत्र बसून ते बघितलं. पण त्या ६१५ मध्ये नवीन ऑर्बिटर, म्हणजे चंद्राभोवती फिरत राहणारं यान, नाही, चांद्रयान-२ चा ऑर्बिटर वर होताच आणि त्याचा उपयोग झाला, शिवाय २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर का आपटला याचा सगळा धडा आधीच्या ९७८ कोटींत विकत घेतलेला होता. म्हणून ‘उतरायला किती लागले’ याचं खरं उत्तर ६१५ पेक्षा मोठं आहे, आणि ते मोठं असण्यात इस्रोचा काही कमीपणा नाही. वेबच्या ९.७ अब्जात एरियन-५ रॉकेट नाही, ते युरोपने दिलं, पण पाच वर्षं चालवायचा खर्च आहे. कुठे पगार धरलेले असतात, कुठे ते सेंटरच्या बजेटमधून जातात, कुठे रुपये मंजुरीच्या वर्षाचे असतात, कुठे खर्चाच्या वर्षाचे. हे जुळवल्याशिवाय स्वस्त-महाग बोलणं म्हणजे एकाने किलोत सांगितलेला भाव आणि दुसऱ्याने पायलीत सांगितलेला भाव तसाच्या तसा ताडून बघणं.

बजेटमध्ये बसलं म्हणजे चांगलं, हे पण मी मानत नाही. नव्वदच्या दशकात नासात वेगवान, उत्तम आणि स्वस्त असं धोरण होतं. १९९९ मध्ये मार्स क्लायमेट ऑर्बिटर गेला, एकीकडे मेट्रिक आणि दुसरीकडे पौंडाचं माप असा घोटाळा झाला म्हणून, आणि त्याच वर्षी डिसेंबरात मार्स पोलर लँडर गेला, बहुधा पाय उघडतानाच्या धक्क्याला सॉफ्टवेअरने जमीन समजून इंजिन बंद केलं. २००० साली चौकशी झाली, तेव्हाही अध्यक्ष टॉम यंगच, आणि निष्कर्ष काय तर या मोहिमांना किमान ३० टक्के पैसे कमी दिले होते. मंजूर मर्यादेत बसवलेल्या मोहिमा, आणि हातात शून्य. तीस टक्के जास्त दिले असते तर तेव्हाच्या पेपरांत ‘खर्च वाढला’ अशी बातमी आली असती आणि कदाचित दोन यानं मंगळावर असती.

स्पेस शटलची गोष्ट याच्याही पुढची आहे. बांधणीचा खर्च ठरल्यापेक्षा फार भयंकर वाढला नव्हता, तेवढंच बघितलं तर पास. पण मंजुरी मागताना एका उड्डाणाला साधारण एक कोटी डॉलर लागतील आणि वर्षाला डझनांनी उड्डाणं होतील असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात एका वर्षातली सर्वाधिक उड्डाणं नऊ, १९८५ साली, आणि तीस वर्षांत मिळून १३५. माझ्या मते शटलचं खरं अपयश ते, आणि ते ओव्हररनच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

मग काही जण म्हणतात सगळं फिक्स्ड प्राइसवर द्या, वाढ झाली तर कंपनी भरेल. अंतराळवीर नेणाऱ्या स्टारलायनर यानात बोइंगने स्वतःचे दीड अब्जाहून जास्त घातले हे खरं, पण २०१९ मध्ये नासाच्याच इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे तिथल्या अंतर्गत तपासनीसाने, दाखवून दिलं की ठरलेल्या किमतीच्या वर २८.७२ कोटी डॉलर द्यायचं नासाने मान्य केलं होतं. आणि २०२४ मध्ये त्या यानातून वर गेलेले सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर परत आले ते दुसऱ्याच कंपनीच्या यानातून, आठ दिवसांच्या कामाचे नऊ महिने करून. डिझाइन पक्कं असेल, नग मोजता येत असतील तर फिक्स्ड प्राइस उत्तम. पहिल्यांदाच करायच्या कामात ती किंमत एकतर फुगवलेली असते किंवा पुढे कोणीतरी रडतं.

आता याचा अर्थ मी सगळ्यांना क्लीन चिट देतोय असं समजू नका. नासाच्या एसएलएस या चंद्रमोहिमांच्या रॉकेटसाठीच्या दुसऱ्या मोबाइल लाँचरचं, म्हणजे रॉकेट उभं करून पॅडवर न्यायच्या टॉवरचं, काँट्रॅक्ट २०१९ मध्ये ३८.३ कोटी डॉलरचं होतं आणि २०२४ मध्ये इन्स्पेक्टर जनरलचा अंदाज २.७ अब्जांवर गेला, सातपट. पोलादाचा टॉवर आहे, असा एक आधी बांधलेला आहे, आरसा नाही की सनशील्ड नाही. ‘पहिल्यांदाच करतोय’ ही सबब इथे अर्धीमुर्धीच चालते, आणि मी त्या जागी असतो तर डिझाइन पक्कं व्हायच्या आधी काँट्रॅक्टवर सही कशी झाली हे आधी विचारलं असतं.

आणि यश मिळालं म्हणून वाढ धुऊन निघत नाही. वेबने काढलेले फोटो बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ठरल्यापेक्षा बरीच जास्त वर्षं पुरेल एवढं इंधन दुर्बिणीत शिल्लक आहे कारण एरियनने ती इतकी अचूक सोडली, सगळं खरं. पण २०११ मध्ये नासाने युरोपबरोबरच्या लिसा (गुरुत्वीय लहरी टिपणारी) आणि आयएक्सओ (क्ष-किरण दुर्बीण) या मोहिमांमधल्या भागीदारीतून अंग काढून घेतलं, आणि त्यामागच्या पैशाच्या ओढाताणीत वेबचा वाटा मोठा होता. त्या मोहिमांवर दहा-दहा वर्षं घालवलेले शास्त्रज्ञ होते, त्यांचे फोटो कोणी बघितले नाहीत. वाढीचा हिशेब करताना या लोकांचा रकाना असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

तर गगनयान. डिसेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने ९,०२३ कोटी मंजूर केले ते दोन मानवरहित आणि एक मानवी उड्डाणासाठी, चाळीस महिन्यांत मानवी उड्डाण करायचं म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये ११,१७० कोटी वाढवले, पण त्यात भारतीय अंतरिक्ष स्टेशनचा पहिला भाग आला, त्याच्या पूर्वतयारीच्या मोहिमा आल्या, एकूण आठ मोहिमा डिसेंबर २०२८ पर्यंत. म्हणजे घराचं एस्टिमेट दिलं होतं आणि मधेच वरचा मजला पण घाला म्हणाले, त्याला ओव्हररन म्हणणं चूक आहे. काही जण लगेच भागाकार करतात, आधी एका मोहिमेला तीन हजार कोटी, आता अडीच हजार, म्हणजे स्वस्तच झालं. तेही बरोबर नाही, कारण क्रू मॉड्यूलचं, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या भागाचं, डिझाइन, ट्रेनिंग सेंटर, लाँच पॅडमधले बदल हा एकदाच करायचा खर्च आहे, पुढच्या मोहिमा स्वस्त पडायलाच हव्यात.

मला अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. मंत्रिमंडळाच्या निवेदनात वाढीव कामाबरोबरच ‘चालू गगनयान कार्यक्रमासाठी जादा हार्डवेअर’ असंही आहे. चाळीस महिने २०२२ मध्येच संपले, मधे कोविडची दोन वर्षं गेली, ती इस्रोच्या नावावर लिहायची नाहीत हे उघड आहे, पण त्यापलीकडच्या उशिराचे पगार आणि हे जादा हार्डवेअर मिळून जुन्याच कामावर किती वाढले आणि नव्या मजल्याचे किती, हे त्या निवेदनात एकाच बेरजेत आहे. माझ्याकडे अशी फाईल आली असती तर ११,१७० चे तीन तुकडे मागितले असते, नवीन स्कोप म्हणजे वाढवलेलं काम, उशीर, आणि पहिल्या एस्टिमेटमध्ये राहून गेलेलं. तिसरा तुकडा मोठा निघाला तर २०१८ चं एस्टिमेट ज्यांनी केलं त्यांना बोलावून, शिक्षा करायला नाही, ते ‘बसवलेलं’ होतं का एवढं विचारायला, आणि स्टेशनच्या पुढच्या मॉड्यूलचं एस्टिमेट त्यांच्याच समोर बसून करायला.